विक्रमी स्पीडबोट न्हावा शेव्यातून इंग्लंडला नेताना

कोपरखैरण्याच्या एका टीमचा प्रश्न आहे. बोट ५.६ मीटर लांब, २.१ मीटर रुंद, कॉम्पोझिट टनेल हल (दोन बाजूंना स्पॉन्सन म्हणजे तरंगणारे पाय, मधे हवेचा बोगदा). मागे अडीच लिटरचं कार्ब्युरेटरवालं व्ही-६ टू-स्ट्रोक आउटबोर्ड. आपल्या वर्गात वेगाचा विक्रम केलेली ही बोट त्यांना नोव्हेंबरात इंग्लंडमधल्या कॉनिस्टन वॉटर तळ्यावर, रेकॉर्ड्स वीकला (वेगाच्या विक्रमांच्या आठवड्याला) न्यायची आहे. निघण्यापूर्वी देखभाल काय करायची, कंटेनरमध्ये कशी बसवायची, कागद कोणते आणि तिथे उतरवल्यावर आधी काय तपासायचं, हे त्यांनी विचारलंय.

अशा बोटीचं प्रवासात होणारं खरं नुकसान बहुतेक वेळा डोळ्यांना दिसत नाही. ओरखडा किंवा पिचलेली कड लगेच दिसते, दुरुस्तही होते. पण स्पॉन्सनचा तळ ट्रान्समजवळच्या (मागच्या सपाट भिंतीजवळच्या) शेवटच्या मीटरभरात दीड-दोन मिलिमीटर आत बसला, तर बोट वरून होती तशीच दिसते आणि पाण्यावर मात्र वेगळीच वागते. तळ आत वळला (हूक) की मागचा भाग जास्त उचलला जातो, नाळ (बोटीचं पुढचं टोक) खाली दबते, ओला पृष्ठभाग वाढतो आणि वेग मरतो. तळ बाहेर फुगला (रॉकर) की नाळ वर जाते, बोट डुलायला लागते. टनेल हलमध्ये नाळ वर जाणं म्हणजे खाली हवा शिरून उलटण्याची तयारी. दोन्ही स्पॉन्सन वेगवेगळे बिघडले तर सरळ रेषेतही स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. म्हणून सगळ्या तयारीचा हेतू एकच ठेवा: बोटीचा तळ आणि बोटीचं वजन इथून निघताना जसं आहे, तसंच तिथे पोचलं पाहिजे. ते तसं पोचलं की नाही हे सांगायला आकडे लागतात, आणि ते इथेच घ्यावे लागतात.

आधी मोजमाप

बोट उलटी करायची गरज नाही. ट्रेस्टलवर (घोड्यांवर) कंबरेच्या उंचीला, बल्कहेडच्या (आतल्या आडव्या भिंतींच्या) रेषेत टेकवून ठेवा. दोन मीटरची खात्रीची सरळपट्टी (अ‍ॅल्युमिनियमचा बॉक्स सेक्शन चालेल, पण तो आधी ग्राइंड केलेल्या पट्टीशी ताडून घ्या) ट्रान्समच्या कडेपासून पुढे तळाला लावा आणि दर ३०० मिलिमीटरला फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांनी) फट मोजा. प्रत्येक स्पॉन्सनच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेला एकेक ओळ घ्या, म्हणजे चार ओळी होतात. मोजणी पहाटे करा. दुपारी रबाळे-तुर्भ्याच्या पत्र्याच्या शेडखाली डेक आणि तळ यांच्या तापमानात इतका फरक पडतो की तोच तळ दुपारी वेगळा आकडा देतो. आकड्यांशेजारी तापमान लिहा. सरळपट्टी कुठे ठेवली ते तळावर बारीक खुणा करून पक्कं करा, नाहीतर तिथे जाऊन तुम्ही दुसरीच रेषा मोजाल.

त्यानंतर ट्रान्समचा कोन, प्रोपेलर शाफ्टची तळाच्या सापेक्ष उंची आणि शाफ्टचा कोन टिपून ठेवा. इंजिन काढणार असाल (काढाच, कारण पुढे येईल) तर जॅकप्लेटच्या (इंजिनाची उंची ठरवणाऱ्या प्लेटच्या) शिम्स, म्हणजे पातळ पत्र्या, कुठल्या बोल्टखाली किती, याचा फोटो आणि नोंद दोन्ही ठेवा.

आता वजन. चार लोडसेलवर बोट ठेवून प्रत्येक कोपऱ्याचं वजन घ्या. याचे तीन उपयोग आहेत. गुरुत्वमध्य कळतो, त्यावर क्रेडलचे (बोट ज्या चौकटीवर बसते तिचे) टेकू आणि हायड्रा क्रेनचे पट्टे ठरतात. कंटेनरचं व्हीजीएम, म्हणजे प्रमाणित एकूण वजन, द्यावं लागतं (१ जुलै २०१६ पासून सोलास नियमाने ते सक्तीचं आहे), तिथे हा आकडा लागतो. आणि तिसरा उपयोग सगळ्यांत मोठा: बोट बांधल्यावेळच्या वजनापेक्षा आठ-दहा किलोने जड भरली, तर ते पाणी आहे. ते बॉयन्सी फोममध्ये असेल किंवा तळाच्या कोअरमध्ये (लॅमिनेटच्या दोन थरांमधल्या गाभ्यात). नाण्याने तळ वाजवत जा. धड लॅमिनेट टणत्कार देतं, सुटलेलं बोदं वाजतं. ट्रान्समच्या बोल्टांभोवती, फिनच्या बैठकीभोवती आणि ड्रेनप्लगच्या कडेला जास्त वेळ द्या, पाणी तिथूनच शिरतं. कोअरमध्ये पाणी असलेली बोट कंटेनरमध्ये घालू नका. डेकवरच्या कंटेनरमध्ये उन्हाने साठ अंशांपर्यंत तापमान जातं. आतलं पाणी तापून बाष्प बनतं आणि जिथे थोडं सुटलं होतं तिथे हातभर सुटतं.

इंजिन

खाडीत किंवा समुद्रात चालवलेलं आउटबोर्ड गोड्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटं फ्लश करणं सगळेच करतात. पण थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन गरम झालं नाही, तर ब्लॉकच्या वरच्या भागातलं मीठ तसंच राहतं. म्हणून फ्लशिंगच्या वेळी तापमान बघत राहा. आपल्या खाडीच्या पाण्यात मिठाहून जास्त गाळाचा त्रास. इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) बाहेर काढून पाती वाकून बसलीयत का ते बघा आणि कितीही चांगला दिसला तरी नवा घाला. पंपाच्या स्टेनलेस प्लेटवर नखाला लागेल एवढी चरी असेल तर प्लेटही बदला.

गिअरकेसचं तेल खालच्या स्क्रूतून काढा. पहिल्या थेंबाबरोबर पाणी आलं किंवा तेल दुधाळ असलं, तर सील गेलंय. प्रोपशाफ्टवर मासेमारीची तंगूस गुंडाळली जाते आणि सील कापते, आपल्याकडे हे वारंवार होतं. सील बदलल्यावर गिअरकेसला प्रेशर टेस्ट द्या, साधारण दहा-बारा पीएसआय, आणि सुई दहा मिनिटं स्थिर राहिली पाहिजे. नवं तेल खालून वर भरा, वरच्या भोकातून बुडबुडे थांबेपर्यंत.

शेवटच्या वेळी चालवताना फ्यूएल लाइन काढून कार्ब्युरेटर कोरडे होऊ द्या. मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होऊन इंजिन बंद पडण्याआधी प्रत्येक कार्ब्युरेटरमधून फॉगिंग ऑइल (गंज रोखणारं तेल) मारा, मग प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं मारून फ्लायव्हील हाताने फिरवा. फ्लोट बाउलचे ड्रेन उघडून खात्री करा. आपल्याकडचं पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं आहे. ते हवेतली आर्द्रता ओढतं, पाणी तळाशी वेगळं बसतं आणि महिनाभर बंद पडलेल्या बाउलमध्ये पांढरी-हिरवी बुरशी धरल्यासारखं ऑक्साइड जमतं. जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तोटीच्या) भोकात त्याचा एक कण अडकला तर त्या सिलिंडरचा पिस्टन गेला.

जेटिंगचं इथेच सांगतो, कारण बहुतेकांची चूक त्यात होते. नोव्हेंबरात तिथली हवा सहा-आठ अंशांची, आपली तिशीतली. हवेची घनता आठेक टक्क्यांनी वाढते. कार्ब्युरेटरमध्ये मिश्रण त्याच्या निम्म्याने, म्हणजे साधारण चार टक्के लीन होतं. दुसऱ्या बाजूने, इथलं वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल सोडून तिथलं पाच टक्क्यांचं सुपर अनलेडेड घातलं, तर त्याच जेटवर मिश्रण पाच-सहा टक्के रिच (पेट्रोल जास्त) होतं. म्हणजे 'थंडी आहे, दोन नंबर मोठे जेट घाला' एवढं ऐकून चालणार नाही. दोन्ही परिणाम जवळजवळ एकमेकांना खोडतात. इथे तुम्ही इथेनॉलविरहित रेस फ्यूएलवर ट्यून केलं असेल, तर मात्र थंडीचा चार टक्क्यांचा हिशेब पूर्ण लागू होतो. स्पर्धेच्या नियमात कोणतं इंधन चालतं ते आधी लेखी घ्या, सध्याच्या जेटच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन आकार सोबत ठेवा आणि तिथे रिच बाजूने सुरुवात करून प्लग बघत खाली या.

तळ्याचं पाणीही थंड असतं. टू-स्ट्रोकचा पिस्टन झटकन तापतो, सिलिंडरची भिंत थंड पाण्यामुळे मागे राहते, आणि इंजिन गरम व्हायच्या आत थ्रॉटल पूर्ण उघडला तर पिस्टन चारही कोपऱ्यांवर घासून धरतो. काढला की चार उभे ओरखडे दिसतात, त्यावरून कारण ओळखता येतं. थर्मोस्टॅट नवे बसवा आणि वॉर्मअपला वेळ द्या.

इंजिन ट्रान्समवर ठेवून पाठवायचं की काढून? माझं मत स्पष्ट आहे, काढून. दीड-दोनशे किलोचं वजन ट्रान्समच्या मागे लोंबकळत राहतं. जहाज डोललं की दर काही सेकंदांनी त्याचा झटका ट्रान्सम आणि तळाच्या जोडावर बसतो, आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं. इंजिन स्वतंत्र पोलादी स्टँडवर उभं ठेवा. आडवं ठेवलं तर गिअरकेस आणि एक्झॉस्टमधलं उरलेलं पाणी पॉवरहेडकडे (वरच्या मुख्य इंजिनाकडे) येतं. स्टँडचे बोल्ट ट्रान्समच्याच पॅटर्नचे ठेवा. वरून व्हीसीआय (गंज रोखणारी वाफ सोडणारी) पिशवी आणि आत सिलिका जेल. स्टेनलेस बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये जातात तिथे ड्युरालॅक किंवा टेफजेल ही गंजरोधक पेस्ट लावूनच परत बसवा. प्रोपेलरच्या पात्यांच्या कडा धारदार असतात, त्यांना रबरी नळी चिरून घाला आणि प्रत्येक प्रोपेलर त्याच्या स्वतंत्र पेटीत. इग्निशनचं कंट्रोल युनिट, सेन्सर आणि सगळ्यांत चांगला प्रोपेलर माणसाबरोबर विमानाने, चेक-इन बॅगेत जाऊ द्या.

क्रेडल

बोटीची ट्रेलर-बंकवाली ठेवण (तळ लांब फळ्यांवर टेकवणं) वर्कशॉपपुरती ठीक. दीड महिना तापणाऱ्या डब्यात तीच ठेवण तळ वाकवते. साध्या तापमानाला सेट झालेल्या आणि नंतर भट्टीत पोस्टक्युअर न केलेल्या इपॉक्सीचं मऊ पडण्याचं तापमान बऱ्याचदा पन्नास ते पासष्ट अंशांच्या दरम्यान असतं. म्हणजे द्रोणागिरीच्या यार्डात भर दुपारी उन्हात थांबलेल्या कंटेनरमध्ये लॅमिनेट आपल्या मर्यादेजवळ पोचतं, आणि त्या वेळी ते जिथे टेकलंय तिथलाच आकार धरतं.

म्हणून ७५ × ७५ × ४ मिलिमीटर बॉक्स पाइपची वेल्डेड चौकट करा आणि टेकू फक्त बल्कहेडखाली व ट्रान्समखाली द्या. दोन बल्कहेडमधल्या मोकळ्या तळाला काहीही लागता कामा नये. टेकूचे साचे मरीन प्लायचे, तळाच्या आकाराचे, वर दहा-बारा मिलिमीटर निओप्रीन. साच्याची रुंदी शंभर मिलिमीटरपेक्षा कमी नको. गालिचा लावू नका. तो मीठ आणि ओल धरून ठेवतो, जेलकोटवर त्याची नक्षी उमटते आणि त्याखाली बारीक फोड येतात. साच्याची उंची ठरवताना बोट आधी पूर्ण टेकवून फीलर गेजने परत मोजा. ट्रेस्टलवरचे आणि क्रेडलवरचे आकडे अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर साच्याखाली शिम घाला. या एका कामाला अख्खा दिवस गेला तरी चालेल.

उचलताना स्प्रेडर बीम (पट्टे एकमेकांपासून लांब धरणारा आडवा दांडा) लागतोच. बीमशिवाय हायड्राच्या हुकातून दोन बेल्ट स्लिंग तिरके खाली आले, तर ते बोटीच्या कडा आत दाबतात आणि टनेलची छप्परपट्टी चिरते. शक्यतो बोट उचलू नका, क्रेडल उचला. क्रेडलला चार लिफ्टिंग आय वेल्ड करून घ्या.

तुमची बोट २.१ मीटर रुंद म्हणजे सरळ जाईल. तरी रुंद हायड्रोप्लेन बोटवाल्यांसाठी सांगतो: चाळीस फुटी हाय-क्यूब (जादा उंचीच्या) कंटेनरचं दार २.३४ मीटर रुंद, २.५८ मीटर उंच असतं. २.६ मीटर रुंदीची आणि कॅनोपी काढल्यावर ०.७ मीटर जाडीची बोट पन्नास अंशांत तिरकी केली की २.२१ रुंद आणि २.४४ मीटर उंच होते. खालच्या चौकटीला आठ सेंटिमीटर गेले तर वर सहाच उरतात, म्हणून आत सरकवताना फोर्कलिफ्टवाल्याला उंचीची काठी बांधून द्या.

कंटेनर आणि ओल

५.६ मीटरची बोट वीस फुटी डब्यात बसते, भाडंही कमी. तरी मी चाळीस फुटी हाय-क्यूबच सुचवेन: इंजिन स्टँड, हत्यारं, ट्रॉली आणि माणसाला बोटीच्या पुढे-मागे वावरायला जागा. जमलं तर स्वतःचाच वापरलेला कंटेनर विकत घ्या, शिपिंग लाइनकडे तो एसओसी (शिपरच्या मालकीचा कंटेनर) म्हणून बुक होतो. लाइनचा डबा तिथे तीन आठवडे अडकवला तर डिटेन्शनचे रोजचे पैसे लागतात. स्वतःचा असेल तर तोच तळ्याकाठी वर्कशॉप होतो. फक्त त्याची सीएससी (सुरक्षा तपासणीची) प्लेट चालू मुदतीची हवी, नाहीतर जहाजावर चढणार नाही.

डबा घेताना आत शिरून दारं बंद करून घ्या आणि पाच मिनिटं अंधारात थांबा. उजेडाचा एकही ठिपका दिसला तर डबा परत. मग फरशीच्या प्लायला मॉइश्चर मीटर लावा. चाळीस फुटी डब्याच्या २८ मिलिमीटर प्लायचं वजन सहाशे किलोच्या आसपास असतं. पावसाळ्यात उघड्यावर पडलेल्या डब्यात ओल अठरा-वीस टक्के निघते, कोरड्यात बारा. हा फरक पस्तीस-चाळीस किलो पाण्याचा आहे. त्याच्यापुढे डब्यातल्या हवेतली ओल काहीच नाही, ऑगस्टच्या दमट हवेतही ती दोन किलोच्या आतच भरते. डबा उत्तरेकडे थंड हवेत गेला की फरशीतली ओल छताला जाऊन थंड होते आणि थेंब होऊन बोटीवर पडते. मीटर चौदाच्या वर दाखवत असेल तर दुसरा डबा मागा.

तुमचं स्टफिंग (डबा भरणं) भर पावसात होणार आहे, त्यामुळे ओलीची काळजी टाळता येण्यासारखी नाही. तुर्भे एमआयडीसीत छपराखालचा डॉक असलेलं गोदाम भाड्याने घ्या. उघड्या रस्त्यावर ट्रेलर उभा करून हायड्राने भरण्याचा विचारही नको. ट्रेलरवर डब्याची फरशी जमिनीपासून दीड मीटर उंच असते आणि मागून फोर्कलिफ्टला लांब फॉर्क एक्स्टेन्शन लागतात, ते आदल्या दिवशीच सांगून ठेवा. बोट आदल्या दिवसापासून पंखे आणि डीह्युमिडिफायर लावून सुकवा, सगळ्या इन्स्पेक्शन प्लेट उघड्या ठेवा. प्रवासातही त्या उघड्याच राहू द्या, बंद पोकळीत ओल कोंडते. श्रिंकरॅप करायचंच असेल तर त्याला व्हेंट ठेवा, गच्च पिशवी नको. कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे डेसिकंट पोल मिळून दहा-बारा किलो लटकवा, पण बोट आणि इंजिनच्या बरोबर वर नाही. भरल्यावर त्यातून गळलेलं खारट पाणी अ‍ॅल्युमिनियम खातं.

बांधणी

बोट आणि क्रेडल मिळून सातशे किलो धरू. खुल्या समुद्रात आडवा झटका वजनाच्या ०.८ पट धरायचा, म्हणजे ५६० किलो बल. क्रेडलखाली लाकडी स्किड असेल तर प्लायवर घर्षण ०.४५, म्हणजे ३१५ किलो घर्षणाने थांबतं. उरले २४५, ते ब्लॉकिंगने थोपवायचे. ट्रेलरने ब्रेक मारला की पुढच्या बाजूलाही तोच हिशेब येतो. समुद्रात लांबीच्या दिशेला झटका ०.४ पट, पण तेव्हा जहाज उचललेलं असल्याने घर्षण जवळजवळ उरत नाही, तिथे २१७ लागतात. प्रत्येक दिशेला पाचशे किलो सोसेल असं ब्लॉकिंग करा, म्हणजे दुपटीची राखण झाली.

आता मुख्य मुद्दा: हे सगळं बल क्रेडलवर घ्यायचं, बोटीवर नाही. डब्याच्या फरशीवरच्या रिंगा प्रत्येकी हजार किलोच्या असतात. क्रेडलचे चार कोपरे चार रिंगांना ५० मिलिमीटर रॅचेट पट्ट्याने तिरके बांधा, बाजूंना लाकडी ठोकळे फरशीला खिळवा. बोट क्रेडलला मात्र तिच्या स्वतःच्या कठीण जागांनी, म्हणजे इंजिन माउंट, फिनची बैठक, लिफ्टिंग पॉइंट अशा ठिकाणी बोल्ट करा. बोटीवरून आडवा पट्टा टाकून रॅचेट ओढायचा नाही. पट्टा जितका घट्ट, तितका स्पॉन्सन वळतो. शिवाय पॉलिएस्टर पट्टा उन्हात सैल होतो, मग परत ओढायला आत कोणी नसतं.

लाकडाचं एक. ठोकळ्यांवर आयएसपीएम-१५ चा शिक्का हवा, म्हणजे गाभ्यात ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं लाकूड. प्लायला तो लागत नाही. होतं असं की पेटी आणि क्रेडल नियमात असतात, आणि शेवटच्या दहा मिनिटांत सुतार गोदामातला पडलेला बिनशिक्क्याचा ठोकळा उचलून ठोकतो. तिथे तपासणीत तोच सापडतो आणि पूर्ण डबा अडकतो. शिक्का बाहेरच्या बाजूला दिसेल असा ठोका आणि दार बंद करण्याआधी प्रत्येक ठोकळ्याचा फोटो घ्या.

इंधन, बॅटरी आणि धोकादायक माल

टाकी रिकामी करणं म्हणजे नळी काढून ओतणं नव्हे. रेस टाकीत फोम भरलेला असतो, तो लिटर-दीड लिटर धरून ठेवतो. टाकी काढून उलटी ठेवा, मग कोरडी हवा चोवीस तास सोडा आणि गॅस मीटरने तपासा. टाकी रिकामी, इंजिन इंधनाअभावी चालू शकत नाही आणि बॅटरी शॉर्ट होणार नाही अशी सुरक्षित, या अटी पाळल्या तर आयएमडीजी संहितेत (समुद्रमार्गे जाणाऱ्या धोकादायक मालाच्या नियमांत) यूएन ३१६६ या वाहनांच्या क्रमांकाखालच्या बोटीला बहुतेक बंधनांतून सूट मिळते. तरीही शिपिंग लाइनला आणि सीएचएला (कस्टम्स एजंटला) लेखी कळवा, लाइनचे स्वतःचे नियम याहून कडक असू शकतात. लिथियम बॅटरी, टू-स्ट्रोक ऑइल, स्प्रेचे डबे, फ्लेअर, अग्निशामक यातलं काहीही डब्यात नको, तिथे विकत घ्या. सिलिंडरवर फुगणारी लाइफ जॅकेटही धोकादायक मालात येतात, ते विसरलं जातं.

कागद

बोट तात्पुरती जाऊन परत यायची, म्हणून एटीए कार्नेट (माल ड्युटी न भरता तात्पुरता नेण्याचं कस्टम्सचं पुस्तक) सोयीचं. भारतात ते फिक्की ही उद्योग संघटना देते, मुदत एक वर्ष. अर्ज करण्याआधी खेळासाठीचा वापर कोणत्या रकान्यात बसतो ते फिक्कीला आणि तिकडच्या एजंटला विचारून घ्या. यादीत हल नंबर, इंजिन नंबर, गिअरकेसचा, प्रत्येक प्रोपेलरचा नंबर. नंबर नसेल तर कोरून घ्या. प्लग, तेल, जेट अशा वापरून संपणाऱ्या वस्तू कार्नेटवर टाकू नका, त्या परत आणून दाखवता येत नाहीत. पिवळी पानं इथून जाताना आणि इथे परतताना, पांढरी तिथे उतरताना आणि तिथून निघताना. सगळ्यांत जास्त विसरला जाणारा शिक्का म्हणजे तिथून निघतानाचा पांढरा. तो नसला तर माल तिथेच विकला असं धरून ड्युटीची मागणी येते.

कार्नेटशिवाय गेलात तर शीर्षक ८९०३ खाली शिपिंग बिल भरा, त्यावर खेळासाठी तात्पुरती निर्यात आणि पुनर्आयात असं स्पष्ट लिहून घ्या. परत आणताना कस्टम्सची पुनर्आयातीची सवलत मागता येते, पण तीच बोट आहे हे सिद्ध करायला तेच नंबर लागतात. वाटेत इंजिन ब्लॉक बदलला तर जुना ब्लॉकही परत आणा.

विमा इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज 'ए' चा घ्या, ठरलेल्या किमतीचा. त्यातही अपुऱ्या पॅकिंगचं नुकसान मिळत नाही, म्हणून स्टफिंगच्या वेळी मरीन सर्व्हेअर बोलावून अहवाल घ्या आणि त्याला तळाच्या मोजमापांचा तक्ता जोडा. तळ वाकल्याचा दावा त्या तक्त्याशिवाय उभाच राहत नाही. जनरल अ‍ॅव्हरेजचा (जहाज वाचवण्याचा खर्च सगळ्या मालधन्यांत वाटण्याचा) समावेश आहे ना, हेही बघा. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे कंटेनर जहाज सुएझमध्ये अडकल्यावर ज्यांच्या मालाला ओरखडाही नव्हता, त्यांच्याकडेही हमी मागितली गेली होती.

वेळ

उलटं मोजा. रेकॉर्ड्स वीक नोव्हेंबरच्या सुरुवातीला. त्याआधी दोन आठवडे बोट हातात हवी. सुएझमार्गे तीन-चार आठवडे लागायचे. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली, त्याने दहा ते चौदा दिवस वाढतात. कोलंबो किंवा सलालाला ट्रान्सशिपमेंट असेल तर तिथे आठवडा जाऊ शकतो. म्हणून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात डबा न्हावा शेव्याच्या गेटात गेला पाहिजे आणि वर्कशॉपचं काम जुलैअखेर संपलं पाहिजे. शेवटची वेगाची चाचणी पावसाआधी, मेमध्ये उरकून घ्या. ठाण्याच्या खाडीत ती होणार नाही: फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ही. आणि भरती-ओहोटीच्या गाळात चाचणीचे आकडे तसेही भरवशाचे नसतात.

पाण्याजवळ पोचल्यावरही दिवस राखून ठेवा. ब्रिटिश वेगविक्रमवीर डोनाल्ड कॅम्पबेल १९६४ मध्ये आपली 'ब्लूबर्ड के-७' बोट ऑस्ट्रेलियाला घेऊन गेला, लेक बॉनीवर पाणी साथ देईना म्हणून डंबलयुंग तळ्याला हलला आणि ३१ डिसेंबरला, वर्षाच्या शेवटच्या दिवशी ताशी २७६.३३ मैलांचा विक्रम केला. विक्रम दोन उलट दिशांच्या धावांच्या सरासरीवर धरतात, त्यामुळे अर्धा तास सपाट पाणी मिळणं हीच मोठी गोष्ट असते.

उतरवल्यावर

सील तोडण्याआधी सील नंबरचा फोटो. दार उघडल्यावर काहीही हलवण्याआधी फोटो. ओल, गळती, सुटलेला ठोकळा दिसला तर डिलिव्हरीच्या कागदावर तसा शेरा मारूनच सही करा. बोट छपराखाली एक रात्र तशीच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खुणांवर, तीच सरळपट्टी लावून मोजा (पट्टी डब्यातच पाठवा, पण सपाट पेटीत). तापमान तीसवरून आठवर आलंय, त्यामुळे सगळीकडे सारखा, बारीक फरक येईल, त्याची चिंता नको. एकाच ठिकाणी मिलिमीटरभर फरक आला, किंवा डावं-उजवं वेगळं निघालं, तर पाण्यात उतरवू नका. हूक असेल तर उंच जागा ब्लॉकवर सँडपेपर लावून उतरवता येते. रॉकर असेल तर इपॉक्सी फिलरने भरून सपाट करावं लागतं, आणि तिथल्या थंडीत फिलर सेट व्हायला हीटर लागतो, तो मागवून ठेवा.

परत वजन करा. मग इंजिन बसवा, शिम्स नोंदीप्रमाणे, शाफ्टची उंची आणि कोन तपासून. स्टिअरिंगचा प्रत्येक जोड हाताने ओढून बघा, नट टॉर्क रेंचने घट्ट करून रंगाची रेघ मारा. किल कॉर्ड (चालकाला बांधलेली, इंजिन बंद करणारी दोरी) ओढून इंजिन खरंच बंद होतंय याची खात्री केल्याशिवाय धाव नाही.

परतीच्या प्रवासाआधी बोट, ट्रॉली, दोर, बूट सगळं धुऊन पूर्ण सुकवा. तिकडे एका तळ्यातले जीव दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून तपासा-धुवा-सुकवा हा नियम काटेकोर पाळतात. तळ्यात उतरताना तुमच्याकडूनही हीच अपेक्षा असते, म्हणून इथून निघताना बार्नकलचं (तळाला चिकटणाऱ्या समुद्री जीवाचं) एकही कवच तळाला किंवा पाण्याच्या इनलेटमध्ये राहू देऊ नका. परतीला डब्यात ओल असण्याची शक्यता जास्त, कारण इंजिनच्या ब्लॉकमध्ये गोडं पाणी असतं आणि थंडीत घाईने भरलं जातं. इंजिन उभं ठेवून तासभर निथळू द्या, फॉगिंग पुन्हा करा, नवे डेसिकंट लावा आणि डबा बंदरात जाण्याआधी कार्नेटच्या पांढऱ्या पानावर शिक्का पडलाय का ते स्वतः पाहून घ्या.